वाघाटी, चिन-फाच्या कोंबड्या आणि माझा शिक्का

दादा,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठणठणीत, म्हणजे मी, बदकं आणि गळकं छप्पर. वाळवलेली अमरफळं वेगळी पाठवली आहेत (वहिनींसाठी, तू हात लावू नकोस, तुझी साखर वाढलेली आहे).

मागची टेकडी सोलर पॅनेलवाल्यांना द्यायची म्हणून तू माझा सहीचा शिक्का मागितलास. बाबांनी ती दोघांच्या नावावर ठेवली, तेव्हा माझा शिक्का उमटल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, हे मलाही कळतं. त्याबद्दल खाली लिहितेच. आधी इथला गोंधळ ऐक.

शेजारच्या चिन-फाच्या दोन कोंबड्या गेल्या. (तोच चिन-फा, ज्याने शाळेत असताना तुझी चप्पल भाताच्या चिखलात फेकली होती.) त्याचं म्हणणं, हे काम वाघाटीचं. म्हणणं बरोबरच होतं. तुला आठवते ना वाघाटी? मांजराएवढी, अंगभर ठिपके, कानांमागे पांढरे डाग. शहरातल्या लोकांना पांडा माहीत, हिचं नाव काढलं की विचारतात, पाळायला मिळते का? आपल्या डोंगरांत आता मोजक्याच उरल्यात, आणि त्यातली एक आपल्या टेकडीवर दोन पिल्लं वाढवतेय. मी या डोळ्यांनी पाहिली आणि बांबूचे कोंब काढायचे सोडून खुळ्यासारखी रडत बसले.

तर चिन-फाने तुझ्या-माझ्या हद्दीत सापळे लावले. त्यात सापडलं काय, तर माझा रबरी बूट. (पाय वेळेवर बाहेर आला, काळजी नको.) एका बुटावर लंगडत मी त्याच्या दारात गेले, तर म्हणतो कसा, "युएह-ओताई, तुमचा बूट कोंबड्या खातो, हे मला ठाऊक नव्हतं हो." मी म्हटलं, "तुझ्या खुराड्याला दार कुठेय? नुसती दोरी! तुझी कोंबडी मीसुद्धा पळवली असती." मग बरंच काही बोललो, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

शेवटी ठरलं, कापराच्या झाडाखालच्या आजोबादेवाला कौल लावायचा. मी विचारलं, सापळे काढावेत का? कौलाच्या दोन्ही लाकडी चंद्रकोरी सपाट बाजू वर करून पडल्या, म्हणजे देव नुसता हसला, हो नाही की नाही नाही. पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही हसला. चिन-फा म्हणाला, "आजोबांना तुमचा बूट दिसतोय." मी इरेला पेटले. देव्हाऱ्याच्या खाली बसलेल्या व्याघ्रदेवाकडे बोट दाखवून विचारलं, टेकडीवरची ती यांच्या नात्यातली आहे का? एक कोर पालथी, एक उताणी, म्हणजे होकार. असा सलग तीनदा! चिन-फाचा चेहरा पडला. त्याच्या नातवाचं गालगुंड याच व्याघ्रदेवाने बरं केलं होतं. "म्हणजे मी देवाच्या भाचीला सापळा लावला?" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सापळे उपटून देवापुढे कच्ची अंडी मांडून आला. मग आम्ही दोघांनी मिळून खुराड्याला जाळी ठोकली, खरंखुरं दार बसवलं. तेव्हापासून त्याची एकही कोंबडी गेलेली नाही आणि वाघाटीने आपला मोर्चा भातातल्या उंदरांकडे वळवलाय.

वहिनींना नमस्कार. गुडघ्यांना आल्याचा लेप लाव.

तुझी धाकटी बहीण,
युएह-ओ

ता. क. दुसऱ्या आणि तिसऱ्या होकाराच्या मध्ये एक नकार पडला होता. चिन-फा तेव्हा डोळे मिटून वाकलेला होता. मी कोरी पटकन उचलल्या. हे त्याला सांगू नकोस.

आणखी एक. शिक्का मी देणार नाही. पण तू समोर बसून "छकुले" म्हणालास की मी विरघळते, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. म्हणून तो घरात ठेवलेलाच नाही. व्याघ्रदेवाच्या पंजाखाली ठेवलाय. हवा असेल तर ये, आधी टेकडीवर जाऊन ती पिल्लं बघ, आणि मग तुझ्या हाताने तिथून काढून घे. मी अडवणार नाही.