दुसऱ्यांदा भरलेला फॉर्म

बालाघाट, बुधवार

प्रिय अनुसया,

वरचा शब्द वाचून हासू नको. चाळीस वर्षं 'कुशलची माय' म्हणूनच हाक मारली, पण पाकिटावर तसं लिहिलं असतं तर पत्र कुशलनंच आधी उघडलं असतं. फोनवर बोललो असतो, पण तिकडं तुम्ही फोन मधात ठेवून स्पीकर लावता. सून ऐकते, पोरगा ऐकते, मंग मले 'जेवलो, बरा आहो' याच्यापलीकडं काही सुचत नाही.

काल संध्याकाळी कुशलनं विचारलं, अंजू शाळेत जाईपर्यंत आईले नागपूरलेच राहू देता का. रीनाची बाळंतपणाची सुट्टी संपली, एवढंसं लेकरू पाळणाघरात ठेवायले तिचा जीव होत नाही. मी म्हणलो, हौ, राहू दे, मले काय झालं आहे. तू बाजूलेच असशील, ऐकलंच असशील.

खांद्याच्या फॉर्मवाली संध्या आठवते न? दवाखान्यात व्यायाम शिकवते ती. तो फॉर्म इंग्रजीतून मराठीत आणलेला, आपल्याकडच्या लोकायले बरोबर समजते का हे तिले पाहायचं आहे. म्हणून एकाच माणसाकडून आठ दिवसांनी तोच फॉर्म पुन्हा भरून घेते. दुखणं तेवढंच असलं तर आकडेही तेवढेच यायले पायजे. पहिल्या बारीले तू सोबत होती. डोकं धुताना किती त्रास, शून्य ते दहा. शून्य, म्हणलो. पाठ घासताना? शून्य. बटणाचा सदरा घालताना? एक. तू पदर तोंडाले लावून हासत बसली. काहून हासून राह्यली ते तवा मले समजलं नाही. बैहरच्या घाटात तीस वर्षं बस चालवलेला माणूस मी, मले वाटलं, खांदा अजून मजबूत आहे आपला.

दुसऱ्या दिवशी तुले गाडीत बसवून दिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाठीले साबण लावायले गेलो तर हात कमरेच्या वर जाईना. सदऱ्याची बाही तू धरून ठेवत होती, हे तू गेल्यावर माहीत पडलं. आता सदरा खाटेवर पसरवून कसातरी आत शिरतो, वरची दोन बटणं राहूनच जातात. शेजारचा दुलीचंद म्हणते, भाऊ, हिरो बनून फिरून राह्यले.

काल सकाळी दुसऱ्या बारीले एकटाच गेलो. डोकं, सात. पाठ, दहा. सदरा, आठ. संध्यानं दोन्ही कागद बाजूबाजूले ठेवले, माझा हात उचलून मोजला.

"काका, हात तर तेवढाच वर जाऊन राह्यला. मंग या आठ दिवसांत बदललं काय?"

काही नाही, म्हणलो. मंग तिले वाटलं, तिचं भाषांतरच कुठंतरी चुकलं. बिचारी एकेका वाक्यावर पेनानं गोल करत बसली. मी तसाच उठून घरी आलो, आणि संध्याकाळी फोनवर पुन्हा तेच बोललो, मले काय झालं आहे.

उद्या जाऊन तिले सांगतो की तुझं वाक्य बरोबर आहे बाई, माझी बायको गेली आहे. पण आधी तुले सांगतो. मले एकट्याले करमत नाही, अनुसया. पाठ न घासल्यानं माणूस मरत नाही. पण पाठ घासताना तू मागून पुटपुटत राहायची, लालबर्ऱ्याच्या तुझ्या बहिणीपासून तर भाजीवाल्यापर्यंत सगळ्यायचा उद्धार करायची, ते आता ऐकू येत नाही. लेकराले सोडून ये, असं मी म्हणणार नाही. कुशलनं मलेही बोलावलं होतं तवा मीच अकडलो, दोन खोल्यांत माझा दम कोंडते म्हणून. आता कोंडला तरी चालते. कालचं 'मले काय झालं आहे' तेवढं मी वापस घेतो. तुले मी तिथं पायजे असलो तर फोन कर, मी सकाळच्या गाडीनं निघतो. फक्त तेवढा स्पीकर बंद करून बोलजो.

तुझाच,
घनश्याम