बिल्ल्यावरचे भावोजी

तीर्थस्वरूप भावोजींस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घ्या. प्रत्यक्ष घालायला गेलो तर खाली जाईन, पण कंबर परत वर येऊ देईल याची खात्री नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे ताई फोनवर दर वेळी वेगळं सांगते, म्हणून थेट तुम्हालाच विचारतो. ताईचं ब्लडप्रेशर ठीक असेल. हे पत्र तिच्या आधी तुमच्या हाती पडलं तर ते ठीकच राहील. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर मी थकलोय. दुकानामुळे नाही हो, चष्म्याच्या दुकानात थकण्याएवढं काम उरलंय कुठे! मी थकलोय क्लबमुळे. आता हा शब्द वाचून तुम्ही पत्राची घडी घालाल, ते मला माहीत आहे. सव्वीस वर्षं बघतोय, आमच्याकडे येता, जेवता, मुलांच्या अभ्यासाची चौकशी करता आणि क्लबचं नाव निघालं की उठून गॅलरीत जाता. मैदान लागू नये म्हणून आमच्या घरी लांबच्या रस्त्याने येता. मला काय कळत नाही? पण या वेळी कृपा करून गॅलरीत जाऊ नका. मला तुमची एक सही हवी आहे, आणि ती कशाला हवी हे सांगण्यासाठी मला जरा मागून सुरुवात करावी लागणार आहे.

आपला जुना बिल्ला आठवतो ना? (त्याला आता लोगो म्हणायचं. बिल्ला म्हटलं की पोरं माझ्याकडे आजोबांकडे बघावं तसं बघतात.) मध्ये फुटबॉल आणि दोन्ही बाजूंनी वाकलेल्या दोन डहाळ्या. ज्याने काढला त्याच्या मनात विजयाची माळ वगैरे असणार, पण दिसायचं मात्र घरट्यातलं अंडं. आपल्या वेळी लोक निदान मनातल्या मनात म्हणायचे. हल्ली आपला संघ मैदानात उतरला की समोरच्यांचे पाठीराखे एका सुरात कोंबडीचा आवाज काढतात. गेल्या मोसमात तर गोलामागून कोणीतरी आमच्या गोलकीपरला विचारलं, काय रे, उबवायला बसलास का? तो पोरगा चांगला उंचापुरा आहे, पण मनाला लावून घेतो. त्या दिवसापासून तो खाली बसायला तयार नाही, आणि जमिनीलगत आलेला प्रत्येक चेंडू आत जातो. मी सेक्रेटरी म्हणून त्याची समजूत घालायला गेलो. (मी सेक्रेटरी कसा झालो हे विचारू नका. निवडणुकीच्या सभेला मी एकटाच वेळेवर पोचलो होतो.) तर तो म्हणाला, काका, आधी छातीवरचं अंडं काढा, मग मी वाकतो.

एवढ्यात फरशीवाले पुढे आले. यांचं फरशांचं मोठं दुकान आहे, यंदापासून जर्सीवर त्यांचं नाव येणार, आणि माणूस उत्साही आहे. त्यांनी कुठेसं ऐकलं की क्लबला म्हणे ओळख लागते. मी म्हटलं, आम्हाला सगळे ओळखतात, हरणारे म्हणून ओळखतात. तर ते हसले आणि त्यांनी एक डिझाइनरबाई आणल्या. मुलगी हुशार आहे, शांत आहे, पण तिने पहिल्याच दिवशी एक चूक केली. तिने पाठीराख्यांना विचारलं की तुम्हाला काय वाटतं? झालं! त्या दिवसापासून माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कोणी येत नाही. नंबर काढायचाय म्हणून खुर्चीत बसतात, हनुवटी टेकवतात, मी डावा डोळा झाका म्हणतो, आणि उजव्या डोळ्याने तक्त्याकडे बघत गळा गोल हवा की कॉलरचा यावर बोलायला लागतात. खालच्या दोन ओळी कोणीही वाचलेल्या नाहीत. एक जण दोन्ही डोळे झाकून बसला आणि म्हणाला, बाह्यांवर पट्टे आले तर मी सामन्याला येणं सोडीन. मी त्याला ड्रॉप्स घालून बाकावर बसवलं. बाकावर आधीच तिघं पट्टेवाले बसले होते, मग काय विचारता.

रंगाचं तर विचारूच नका. आपला तपकिरी रंग कुठून आला हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. अकरा जणांना पुरेल एवढं एकाच रंगाचं कापड त्या दुकानात तेवढंच होतं, आणि ते पडद्याचं होतं. डिझाइनरबाई आपलं हळूच म्हणाल्या की निळा केला तर? त्यावर भोंगा उभा राहिला. (हा बस चालवतो. आवाज हॉर्नपेक्षा मोठा, म्हणून भोंगा. सामन्यात घोषणा तोच देतो, बाकीचे त्याच्या मागून ओरडतात.) तो म्हणाला, तपकिरी म्हणजे आपल्या मैदानाची माती, आणि मातीशी बेइमानी आपण मेलो तरी करणार नाही. मी पडद्याचं सांगणार होतो, तोंड उघडलंही होतं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हटलं जाऊ दे. तपकिरीच राहिला.

मग लोगोसाठी मोठी सभा भरली. शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत. खुर्च्या पहिली-दुसरीच्या पोरांच्या, त्यामुळे शंभरेक मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली, आणि बाजूच्या भिंतीवर पोरांनी रंगवलेले हत्ती आमच्याकडे बघतायत. बाईंनी पहिला लोगो दाखवला, नुसतं क्लबचं आद्याक्षर, बारीक रेघेचं. औषधाच्या दुकानाची पाटी, असा शेरा मागून आला आणि तो विषय मिटला. दुसरा गरुड. भोंगा म्हणाला, गरुड आपल्या गटात चार क्लबांकडे आहे, पाचवा आला तर एकमेकांची पिल्लं ओळखू येणार नाहीत. तिसरा दाखवला आणि सगळे खुर्च्यांसकट पुढे सरकले. नुसती काळी आकृती, तपकिरी वर्तुळात. एक माणूस हवेत आडवा, एक पाय वर, दोन्ही हात पसरलेले, आणि हाफपँटवर पांढरा तीनचा आकडा. बाई म्हणाल्या, क्लबच्या जुन्या फोटोंच्या खोक्यात सापडला, त्यावरूनच काढलाय. खोका मीच दिला होता. कपाटातून काढला आणि न उघडता देऊन टाकला. भावोजी, मी भिंतीवरच्या हत्तींकडे बघायला लागलो.

पहिली पाच मिनिटं सगळे त्या माणसाच्या प्रेमात होते. कोणी म्हणे हा हवेत कैचीची लाथ मारतोय, कोणी म्हणे नाही, हा उडी घेऊन चेंडू अडवतोय, एक जण तर म्हणाला हा माणूस उडतोय. तेवढ्यात मागच्या रांगेतून चुन्याचे काका उठले. (मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे. अजून तेच मारतात, फक्त आता मधली रेघ जरा नागमोडी येते.) चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाले, उडतोय कसला? हा आपला तीन नंबर. हा तर घसरला तेव्हाचा.

जुन्यांनी नव्यांना हळू आवाजात सांगितलं. शेवटचा सामना, बरोबरी चाललेली, तीन मिनिटं बाकी, एक गुण मिळाला असता तर आपण वरच्या गटात. तीन नंबरने चेंडू मागे गोलकीपरकडे दिला, देताना पाय सटकला, आणि चेंडू आपल्याच गोलात. (लोक सांगतात तसंच लिहितोय. तुम्ही तर तिथे होताच, पाठीवर पडलेले.) मला वाटलं, आता बाई तो कागद गुंडाळतील आणि सुटलो आपण. पण भोंगा पुन्हा उभा राहिला. आपण एवढी वर्षं काय करत आलोय? घसरतोच ना? गरुड लावून कोणाला फसवायचं? घसरला तो, पण पळून नाही गेला, चेंडू स्वतः उचलून मध्ये आणून ठेवला त्याने. हाच आपला माणूस. भावोजी, तो तुमच्या घसरण्याबद्दल असा बोलला की एक-दोघांनी रुमाल काढले. तुम्ही चेंडू मध्ये नेऊन ठेवलात हे त्याला ठाऊक आहे, त्या वेळी तो नऊ वर्षांचा होता आणि जाळीला नाक लावून उभा होता. मतदान झालं. बाजूने एकशे बारा हात, विरोधात एक. तो एक हात माझा होता, पण मी तो डोकं खाजवायला वर नेला होता असं सांगून वेळ मारून नेली.

सभा सुटल्यावर काका माझ्याकडे आले. म्हणाले, तुझ्या भावोजींना सांग, आमचा राग कधीच गेला, आता त्यांनी यावं. आणि मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, तू त्या दिवशी गोलात होतास, तरी एवढ्या वर्षांत बहिणीच्या नवऱ्याबद्दल एक वाकडा शब्द तुझ्या तोंडून आला नाही, असा माणूस शोधून मिळणार नाही. मी नेहमीसारखं 'जाऊ द्या हो' म्हटलं. हे 'जाऊ द्या' मी आजवर किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. लोकांना ते फार आवडतं. त्यामुळेच मला सेक्रेटरी करून ठेवलंय असं मला वाटतं. घरी आलो, ही म्हणाली चेहरा का असा? म्हटलं, तुझ्या नणंदेच्या नवऱ्याचा लोगो झाला. ती म्हणाली, बरं, हात धुऊन घ्या.

तर आता सहीचं. फरशीवाल्यांचे वकील म्हणतात, चेहरा दिसत नसला तरी तीन नंबर दिसतो, जुन्यांना माणूस कळतो, म्हणून त्याची लेखी परवानगी हवी. सहाशे जर्सी छापायच्या थांबल्यात, मैदानाच्या दारावरची पाटी थांबली आहे, कप थांबलेत. (कपावर तुम्ही दांडीच्या उजवीकडे आहात. चहा ओतला की तुमचा रंग बदलतो, हे फरशीवाल्यांचं डोकं.) तुमची हरकत असेल तर सरळ कळवा, गरुड आहेच. पण भावोजी, लोक तुमच्यावर खरंच चिडलेले नाहीत. मी हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही ज्या रस्त्याने येत नाही, त्या रस्त्यावर तुमचं चांगलं बोललं जातं, एवढं खरं आहे आणि ते तुम्हाला कळायला हवं.

बाकी ठीक. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. परवानगीचा कागद सोबत जोडला आहे. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करायची, आणि शनिवारपर्यंत पोचेल असा पाठवा.

ता. क. २. पहिली जर्सी तुम्हाला भेट द्यायची असं ठरलंय. मधलं माप की मोठं, ते ताईला विचारून कळवा. तुमच्याकडून आलेला आकडा आम्ही धरणार नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे. भावोजी, 'लोक सांगतात तसंच लिहितोय' असं मी वर लिहिलं, कारण मी स्वतः काही पाहिलंच नाही. त्या दिवशी सकाळी बिल्ला नव्याने शिवून घेतला होता आणि त्याच्या धाग्याचं टोक मला सारखं छातीला टोचत होतं. चेंडू तुमच्याकडे होता म्हणून मी निर्धास्त होतो. गळ्यातून डोकं जर्सीच्या आत घातलं आणि तो धागा दाताने तोडत बसलो. तुमचा चेंडू जोरात नव्हता. फिरायला निघाल्यासारखा आला असणार, माझ्या पायाजवळून गेला तो मला आवाजाने कळला. कोणीही थांबवला असता. तुम्ही मान वळवून बघितलंत तेव्हा मी डोक्याला हात लावून उभा होतो. ते दुःख नव्हतं हो, डोकं बाहेर काढताना हात तिथेच राहिले होते. सगळे तुमच्याकडे बघत होते, म्हणून मी हात तसेच ठेवले. फोटोत तुमच्या मागे मी आहे, बिनडोक्याचा. सभेनंतर बाई कॉम्प्युटरवर तो फोटो साफ करत होत्या, तेव्हा त्यांनी विचारलं, हे मागे काय, पोतं आहे का? मी हो म्हणालो. तिने एका बोटाने मला पुसून टाकलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन मला झोपच लागली नाही. त्या लोकांनी तुम्हाला माफ केलंय, आणि तुमचा तर काही गुन्हाच नव्हता. घसरतो की माणूस! काल बाईंना जाऊन सांगितलं, पोतं नाही, तो मी आहे. तिने फोटो पुन्हा मोठा करून बघितला आणि म्हणाली, हे सभेत सांगायला हवं. म्हणून सही करू नका, इतक्यात नको. रविवारी चार वाजता त्याच खोलीत सभा आहे. मी उभा राहून सांगायचं ठरवलंय. तुम्ही या आणि समोर बसा. कारण तुम्ही समोर नसलात ना भावोजी, तर मी पुन्हा 'जाऊ द्या हो' म्हणेन आणि लोक टाळ्या वाजवतील.