संतानं निवडलेले तळवे

१४ एप्रिल
बुर्गास शहरातून युनिव्हर्सिटीची पोरगी आली. डॉक्टर रालित्सा. आधी फुटबॉलवाल्यांचे पाय तपासले, मग बेकरीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांचे, आता आमच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांचे. वही दिली. रोज किती चाललात, पायाला काय वाटलं, लिहा म्हणे. पुढची पानं तिची, मागची माझी. मागचं कुणी वाचायचं नाही.

परीक्षा घेतली. मी डोळे मिटायचे, ती तळव्याला नायलॉनचा दोरा टोचणार, कळलं की हो म्हणायचं. दोरा काही कळला नाही. पण ती बसली होती आमच्या तिवईवर. पुढे वाकलं की तिवई कुरकुरते. कुरकुरली की मी हो. दहापैकी दहा. म्हणाली, "आजी, एवढे मार्क फुटबॉलवाल्यांनाही नाहीत!"
ही लबाडी नव्हे. कानही माझेच आहेत.

१५ एप्रिल
लेकीचा फोन. नेवेना म्हणते, "आई, पायात काही निघालं तर घराला कुलूप आणि तू बुर्गासला माझ्याकडे." पाचवा मजला. कोंबड्या काय लिफ्टमध्ये ठेवू? सांगितलं, दहापैकी दहा. मग हवापाणी विचारलं.

२२ एप्रिल
रालित्सानं बुटात घालायला रबरी तळ दिलेत. कुठे जास्त भार पडतो, कुठे गरम होतं, ते तिच्या फोनवर दिसतं. शिवाय रोज संध्याकाळी आरशात तळवे बघायचे. रक्तातल्या साखरेच्या गोळ्या रोज घ्यायच्या.
गोळ्या मी गोड खाल्लं त्या दिवशी घेते. उगाच कशाला संपवायच्या?
आरसा झाकलेला आहे. नवरा, झेल्याझ्को, फेब्रुवारीत गेला तेव्हा झाकला, रीतच आहे. चाळीस दिवसांनी काढायचा असतो. चाळीसाव्याचे गहू उकडले, गावात वाटले, भांडं घासलं. चादर राहिली. काढेन सोमवारी.

२७ एप्रिल
तळ घातला की बूट पायात चढेना. काढला. टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली घातला. टेबल आता पक्कं बसलं. शास्त्राचा उपयोग होतो, नाही असं नाही.

३ मे
रालित्साचा फोन. "आजी, तुम्ही सहा दिवस एकाच जागी उभ्या आहात."
म्हटलं, प्रार्थना करते.

९ मे
शेजारची केरा आली. तिला भोवऱ्या आहेत, अंगणातल्या खड्यावरही आई गं करते. म्हणाली, "स्तामेना, चपलेविना चुलीपाशी उभी आहेस आणि पायाखाली केवढी ठिणगी!" खाली बघितलं. खरंच होती. मला काहीच नाही.
तेव्हा डोक्यात उजेड पडला.
झ्लाता म्हातारी गेल्यापासून तीन जूनच्या उत्सवात निखाऱ्यावर नाचायला बाई नाही. संत कोस्तादिन ज्याला बोलावतो त्यालाच आग लागत नाही. आणि माझे पाय फेब्रुवारीपासून गार. नवरा गेला त्याच आठवड्यापासून. लोक रडतात, मला रडू आलं नाही. आधी वाटलं मीच दगड. आता कळलं, संतानं तयारी चालवली होती.
केराला सांगितलं नाही. जळेल.

१३ मे
उत्सवाचा कारभारी दिमो भेटला. सांगितलं, मला बोलावणं आलंय. म्हणाला, "काकी, या वयात? आधी डॉक्टरीणबाईंना विचारा." बाप्याची जात. संत बोलावतो आणि हा डॉक्टरला विचारा म्हणतो.

२० मे
तालीम केली. भट्टीतले निखारे अंगणात पसरले, झेल्याझ्कोचा फोटो हातात धरला (नाचताना संताची तसबीर धरतात, पण ती देवळात आहे), तीन पावलं गेले, तीन आले. गार. ओढ्यातून चालावं तसं. कोंबड्या बघत होत्या.
नेवेनाला आता कुलूप लावू दे. संताच्या बाईला कोण नेतो?
तळवे बघावेत असं आलं मनात. आरसा झाकलेला.

२३ मे
डावा मोजा पायाला चिकटला. मांजरानं आलुबुखाऱ्याचा मुरांबा सांडला असणार. मांजराला झाडू दाखवला.

२६ मे
घरात वास. पलंगाखाली उंदीर मेलाय. सापडला नाही. मुरांबा अजून सांडतोय. बरणी तर भरलेली. थंडी वाजते, पण ती नाचायच्या आधी वाजतेच, झ्लातालाही वाजायची.

२९ मे
रालित्सा टेबलाखालचा तळ न्यायला आली. दारातच नाक वर केलं. म्हणाली, "आजी, मोजा काढा." म्हटलं, चहा घे आधी. तिनं कात्रीनंच कापला. मी म्हटलं, "मुरांबा आहे तो."
तिनं फोन केला. आधी ॲम्ब्युलन्सला, मग नेवेनाला.
जाताना मी आरशावरची चादर ओढून काढली. पाय बघायला नाही, स्ट्रेचरवर अंगावर घ्यायला. आरशात एक म्हातारी होती. ओळख पटली नाही.

४ जून
बुर्गासचं हॉस्पिटल. डाव्या पायाची दोन बोटं काढली. दुखलं का विचारतात. नाही म्हटलं की खूश व्हायच्या ऐवजी एकमेकांकडे बघतात.
केरा फोनवर. काल निखाऱ्यावर कोण गेलं? हीच! भोवऱ्यांची! म्हटलं, "तुला कसं गं बोलावलं संतानं?"
"काय माहीत बाई. ढोल वाजला आणि पाय उचलले."
"भाजलं?"
"भाजलं की! मेलीच मी. रडत रडत नाचले."
संताचं काहीतरी चुकलंय. दिमोला सांगायला हवं.
नेवेनानं घराची किल्ली दाखवली नाही, पर्समध्ये वाजली तेवढी ऐकली.

६ जून
आज रालित्सा दोरा घेऊन आली. उजव्या पायाची परीक्षा. इथल्या खुर्च्या लोखंडी, कुरकुरत नाहीत. डोळे मिटले. अंदाजानं म्हटलं, हो.
"आजी, मी अजून चष्मा शोधतेय."
मग ठरवलं, खरंच लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वाट बघितली. बाहेर कुणीतरी ट्रॉली नेली, परत आणली. शेवटी मीच म्हटलं, पोरी, कर की सुरू.
म्हणाली, "झालं, आजी."