वैशाली हसली

अंजूर, मंगळवार, दिवेलागण

आज आमची लेक वैशाली पोट धरून हसली. ती बाळंत होऊन तीन महिने झाले, तेव्हापासून हसू दाबत होती. बाळंतपणात खालच्या नसा आणि स्नायू दुखावलेत, हसलं-खोकलं की लघवी सुटते, असं बायकोने मला हळूच सांगितलं होतं. बापाने यात काय बोलावं? मी घरात गमतीचं बोलणंच बंद केलं. चुकलं का माझं? भिवंडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, व्यायामाने फरक पडेल, पण वेळ लागेल. माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

आज नातवाला मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याने माझा धुतलेला लेंगा पार भिजवला. वैशाली हसायला लागली ती थांबेचना. मी घाबरून म्हणालो, "अगं, हसू नको."

"बसा बाबा, काय न्हाय झालं. रोज व्यायाम करते ना."

बायको चुलीपासून उठून आली. "खरंच कोरडी हाईस?"

"हाय ना आई. भिजलेत ते बाबाच."

मग आम्ही तिघंही हसलो. उद्याचं कोण जाणे, पण आज ती हसली. लेंगा अजून ओलाच आहे. बदलावासा वाटत नाही.