शेंडेनक्षत्राचा झाडू

कामठा, २८ एप्रिल १९५७

डोकं तापलंय. माझ्या कमलीचं ठरलेलं लग्न मोडलं. कशानं? तर शेंडेनक्षत्रानं, त्या धूमकेतूनं!

कुडव्याहून नवरदेवाला घेऊन त्याचा मामा आला आणि म्हणतो, "मास्तर, आभाळातला झाडू तुमच्याच गावाकडे वळून राहिला. असं लगन कायले करावं?"

झाडू म्हणे! अरे बैला, धान उफणतोस ना? वाऱ्यानं भुसा उडतो, तशी सूर्याकडून सुटलेल्या झोतानं ती शेपूट उडते. गाव बघून नाही! सूर्याकडून परत फिरल्यावर तर शेपूटच पुढे असते, डोकं मागे.

हे सांगतच होतो, तर मामा उठून चालता झाला. नवरदेव त्याच्यामागे.

कमली दारातून म्हणाली, "जाऊ द्या बाबा. शेपूट पुढे अन् डोकं मागे, तसेच जाऊन राहिले."