हेच मशीन असेल तरच

४ मार्च
नवी नोकरी, खिडकीजवळची जागा, मनासारखी खुर्ची. स्वारी खूश आहे. रोजनिशीही आता याच मशीनवर. आमचा प्रोग्राम चार तऱ्हेच्या मशीनवर चालतो. काही ओळींच्या डोक्यावर अट असते: अमुक मशीन असेल तरच. अट जुळली नाही, की प्रोग्राम तयार होताना त्या ओळी गाळल्या जातात. त्या मशीनपुरत्या त्या नसतातच. दुसऱ्याच्या ओळींना हात लावायचा नाही, आपलं काम आपल्या अटीत ठेवायचं, ही इथली रीत. साहेब म्हणाले, उगाच कुणाच्या अध्यातमध्यात नको. मला पटलं. घरी लेकीने, चिऊने, ऑफिसची सगळी हकीकत दोनदा सांगायला लावली.

११ मार्च
नुसता वैताग. माझी दुरुस्ती माझ्याकडे चालते, बाकी सगळीकडे कोलमडते. अटीच्या पोटात अट, तिच्या पोटात आणखी एक. शेजारचा टकलू म्हणाला, कशाला डोकं फोडतेस, फक्त तुझ्या मशीनची अट घाल आणि मोकळी हो. घातली. घाईत अट एक ओळ वर लागली, त्यामुळे तिथलं लिहिणारीचं नाव, म्हणजे माझंच, तेही अटीच्या आत गेलं. असू दे, म्हटलं.

१४ मार्च
बैठकीत घसा फोडून बोलले, कुणी मान वर केली नाही. नंतर टकलू माझ्या टेबलाशी येऊन विचारतो, बैठकीला का नव्हतीस? अंगाचा तिळपापड झाला.

१५ मार्च
घरी दोनच ताटं. चिऊला हाका मारल्या, तिचा हात धरला. तिने हात खाजवला, एवढंच. बाबाला विचारत होती, आई कधी येणार. पळत ऑफिसात आले, टेबलावरून फोन केला. नवऱ्याला लगेच ऐकू आलं. कुठे आहेस म्हणून ओरडला.

१६ मार्च
माझ्या नावावरची ती अट निघत नाही. सगळ्यांचं काम साठवणारं मुख्य मशीन म्हणतं, या ओळी तुमच्या नाहीत; तिथे माझं नावच नाही. टकलूला हात जोडले, तूच काढ. हसला. रीत ठाऊक आहे ना, म्हणाला.

१७ मार्च
नवऱ्याला सांगितलंय, चिऊला घेऊन थेट माझ्या टेबलाशी ये. निघालेत.
साहेबांचा हुकूम — खिडकीजवळचं मशीन हलवा, तिथे कुणी बसत नाही. दुरुस्तीवाला आलाय. विनवण्या केल्या. ताई, काळजी करू नका म्हणतो, दुसरं मिळेल — दुसऱ्या तऱ्हेचं —
दारात चिऊ. इकडेतिकडे बघतेय. अजून लांब आहे —
तो टेबलाखाली वाकला. वायर — थांबा, तिला फक्त इथपर्यंत ये