जावांचा डाव

मंगळवार, ४ मार्च

चि. बारक्यास, ताईचे अ. आ. आणि उशिराबद्दल कान धरून उभी आहे असं समज.

तुझ्या पत्राचं उत्तर लांबलं, कारण इकडे लाँड्रीत रामायण झालंय. इस्पितळांच्या चादरी ज्या लांबलचक रोलरखाली इस्त्री होतात ते मशीन तू पाहिलंयस. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला थोरली जाऊ. दोघींनी चादर ताणायची आणि आत सोडायची. माझ्या ऑपरेशनपासून आम्ही एकमेकींशी एक अक्षर बोललेलो नाही, ती माझ्याच डोक्यावर वरच्या मजल्यावर राहते, तरी चादर मात्र सुरकुती न पडता जाते. त्याला बोलावं लागत नाही.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. हात चुकून पुढे गेला की पट्टीला धक्का लागतो आणि मशीन थांबतं. पण जाड चादर आली तरी ते थांबायचं, काम रेंगाळायचं, म्हणून मॅनेजरने ती पट्टी तारेने बांधून घेतली. गेल्या आठवड्यात नवी लागलेली मुलगी चादरीचा दुमडलेला कोपरा सोडवायला गेली आणि तिची बोटं आत गेली. तिचं ओरडणं अजून माझ्या कानात आहे.

तिला गाडीत घालून नेलं. मॅनेजर म्हणाला, चला, मशीन चालू करा, आणि पट्टी राहू दे तशीच, आणि आपल्या खोलीत निघून गेला. मी थोरलीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. ती गेली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. मी पेटी उघडून फ्यूज उपटले आणि मळक्या पाण्याच्या गटारात सोडून दिले. आसपास कोणी नव्हतं, सगळ्या त्या मुलीच्या गाडीमागे धावल्या होत्या.

आता चौकशी आहे. आम्हां दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मला चहा दिला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी शिजतंय. मॅनेजर म्हणाला, थोरलीने हे केलं असं लिहून सही दे. तू राहशील, वर इस्त्री खात्याची मुकादम होशील, ती जाईल आणि तिच्यावर पोलिसांत तक्रार होईल. तिलाही शेजारी हेच सांगतोय, हेही त्याने गोड हसून सांगितलं. दोघींनी सही केली तर दोघी कामावरून जाणार. कोणीच नाही केली, तर पुरावा नाही म्हणून दोघींना काही दिवस बिनपगारी घरी बसवतील. उत्तर महिनाअखेर द्यायचं. तोवर तिची पाळी बदललीय, भेट नको म्हणून.

तू कॉलेजात असलीच कोडी शिकवतोस ना? मग सांग मला. माया आहे ती तशीच राहू दे, पगार कमी झाला तरी.

तुझी,
ताई

रविवार, ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या मुलीची बोटं कशी आहेत ते आधी कळव.

ताई, तुझ्या मॅनेजरने मांडलाय तो डाव मी दरवर्षी फळ्यावर मांडतो. त्यात तुमच्याऐवजी दोन कैदी असतात, एवढाच फरक. विचार असा करतात: थोरल्या वहिनींनी सही केली असं धर. मग तू गप्प राहिलीस तर पोलीस तुझ्या दारात. सही केलीस तर निदान नुसती नोकरी जाईल. आता धर की त्यांनी सही केली नाही. मग तू गप्प राहिलीस तर घरी बसशील, सही केलीस तर मुकादम. म्हणजे त्या काहीही करोत, तुझ्यापुरतं सही करणंच फायद्याचं. गंमत अशी की त्याही हाच विचार करणार. दोघी शहाण्यासारख्या वागलात की दोघींची नोकरी जाते, आणि दोघींनी वेडेपणा केला तर दोघींची वाचते. हा डाव एवढा प्रसिद्ध आहे तो ह्याच दुखण्यामुळे.

वर्गात मी इथे थांबतो आणि पोरं हसतात. आज मला हसू येत नाही. माझं गणित बाजूला ठेवतो आणि भाऊ म्हणून विचारतो: त्या बाईवर तुझा विश्वास आहे? ऑपरेशन झालं तेव्हा त्या तुला बघायलाही आल्या नाहीत, हे तूच मला किती पत्रांत लिहिलंयस. तुझी मान त्यांच्या हातात द्यावी असं मला वाटत नाही. ताई, सही करून टाक. मला लाज वाटतेय लिहिताना, पण लिहितोय.

दाजींना नमस्कार. माझ्या ह्या सल्ल्यासकट मला आपलं म्हण.

तुझा,
बारक्या

शुक्रवार, १४ मार्च

चि. बारक्यास अ. आ., आणि एक धपाटा पोस्टाने.

मुलीची दोन बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पुढे बघू. ती एकोणीस वर्षांची आहे आणि डाव्या हाताने जेवायला शिकतेय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हिशोब बरोबर असेल, मी त्यात खोट काढत नाही. पण मला सांग, त्या तुझ्या फळ्यावर मॅनेजर कुठे बसतो? दोन रकाने आमच्या नावाचे. कोण सुटली, कोण अडकली, सगळं आमचंच. आणि ज्याने पट्टी बांधली तो तक्त्याच्या बाहेर चहा पितोय! आम्हां दोघींपैकी कोणीही जिंकली तरी पट्टी बांधलेलीच राहणार. असला डाव मला खेळायचाच नाही. सही करणार नाही. मुकादमकी त्याच्या टेबलावर राहू दे, तिच्यावर कप ठेवायला बरी.

थोरलीवर विश्वास आहे का, हे विचारलंस. नाही. ती आढ्यताखोर आहे, कुजकी बोलते, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मुद्दाम पाणी सांडते. मग मी जिन्यातला दिवा तिच्या यायच्या वेळेला घालवते. मग ती नळ लवकर बंद करते. असं आमचं चाललेलं असतं. पण रोलरवर तिने आजवर चादरीचं टोक माझ्या आधी सोडलेलं नाही. तिचा हात भाजला होता तेव्हाही नाही. आता हा विश्वास म्हणायचा की काय म्हणायचं, तूच ठरव.

हे म्हणाले की वर जाऊन दादांना विचारतो, वहिनीचं काय ठरलंय ते. मी म्हटलं, खबरदार. विचारायला गेलं की ती समजणार मी घाबरले. मी घाबरलेय, पण ते तिला कळायचं कारण नाही.

हट्टी बहीण मिळालीय तर सांभाळ.

तुझी,
ताई

बुधवार, १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मॅनेजर तक्त्याबाहेर बसतो हे खरं. तक्ता कोणी आखला हा प्रश्न मी वर्गात शेवटच्या तासाला ठेवतो आणि तोवर घंटा होते. ह्या वर्षी पहिल्या तासाला घेईन.

पण तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीने माझी झोप उडवली. मी तुला सांगितलं ते एकदाच खेळायच्या डावाचं होतं. तेच दोघे पुन्हा पुन्हा समोरासमोर येणार असतील तर सगळं बदलतं. लोकांनी संगणकावर असे डाव असंख्य वेळा खेळवून पाहिलेत, एकाहून एक कपटी चाली सोडून. चांगली टिकली ती सगळ्यांत साधी चाल: सुरुवात चांगुलपणाने करायची, मग समोरचा वागेल तसं आपण वागायचं. त्याने दगा दिला तर दगा, तो सुधारला की आपणही राग सोडायचा. रोलरवर तुम्ही दोघी हेच करता. इतकी वर्षं, न बोलता.

ह्या चालीत एक खोट आहे. समोरच्याची एक चाल जरी चुकून उलटी दिसली, की दोघे एकमेकांना फेडत बसतात आणि ते संपतच नाही. कपड्यांवर पाणी, जिन्यातला दिवा, नळ. सुरुवात कशाने झाली हे कोणी तपासत नाही. तिथे कोणीतरी एकाने एकदा मुद्दाम, कारण नसताना, सोडून द्यावं लागतं.

म्हणून मी एक गोष्ट केली आहे. तुझी परवानगी घेतली नाही, कारण तू दिली नसतीस. मी थोरल्या वहिनींना पत्र लिहिलं. त्यात एवढंच लिहिलं की माझी ताई सही करणार नाही, तुम्ही काहीही केलंत तरी. बदल्यात काही मागितलं नाही.

गणिताच्या दृष्टीने मी त्यांना तुझा गळा मोफत देऊन टाकलाय, हे मला कळतं. रागाव, पण टाकू नकोस.

तुझा,
बारक्या

रविवार, २३ मार्च

बारक्या,

आशीर्वाद ह्या खेपेला नाहीत.

मी गप्प राहणार हे तिला ठाऊक नव्हतं, तेवढी एकच गोष्ट माझ्या बाजूला होती. ती तू पाकिटात घालून, तिकीट लावून वर पाठवलीस. तुला एवढं शिकवलं कोणी? आता तिला फक्त सही करायची आहे, मुकादम व्हायचं आहे, आणि मी जिन्यावरून पोलिसांबरोबर उतरताना वरून बघायचं आहे.

काल ती जिन्यात समोर आली. थांबली. मला वाटलं काही बोलणार. नुसती बघून वर गेली. त्या बघण्याचा अर्थ लावत मी भात करपवला.

तरी ऐक. सही मी करणार नाहीच. तू वचन दिलंस म्हणून नाही, आणि तिचा भरवसा वाटतो म्हणूनही नाही. त्या मुलीच्या हाताकडे बघून फ्यूज मी काढले होते, आणि परत तशी वेळ आली तर परत काढीन. माझ्या नावाखाली दुसरं काही लिहिलेलं मला चालणार नाही, मग बाकीच्यांनी काय वाटेल ते करावं.

माया आटलेली नाही. पण तिला आत्ता हात लावू नकोस, भाजेल.

ताई

मंगळवार, १ एप्रिल

चि. मास्तरांस थोरल्या वहिनीचे अ. आ.

तुमचं पत्र वेळेवर पोचलं, पण मी ते काल संध्याकाळपर्यंत फोडलं नव्हतं. वाटलं बहिणीसाठी गयावया केली असेल, आणि गयावया वाचायची मला सवय नाही. तेव्हा माझ्या हातून जे झालं ते तुमच्या पत्रामुळे झालं असं मनात आणू नका.

काल मॅनेजरने आधी मला बोलावलं. म्हणाला, धाकटीने सकाळीच सही केली, हा बघा कागद. कागद घडी घालून धरला होता, खालचं टोक तेवढं दिसत होतं. म्हणाला, आता तरी स्वतःला वाचवा. मी त्याला सांगितलं की धाकटी उद्धट आहे, तोंडाळ आहे, जिन्यातले दिवे घालवते. पण ती पाठीमागून काही करत नाही, जे करते ते तोंडावर करते. तेव्हा कागद खोटा आहे. आणि समजा खरा असला, तरी स्विच मी माझ्या हाताने ओढलाय, तो मी दुसरीच्या नावावर का घालू? पट्टी सोडा, मग बोलू, असं म्हणून मी उठले. त्याने चहा मागवला होता, तो तसाच राहिला.

मग तिला बोलावलं. ती काय म्हणाली ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. रस्त्यावरही ऐकू गेलं असेल.

दोघींना घरी बसवलंय. पगार नाही, मुदत नाही. ह्यांनी डोक्याला हात लावलाय.

घरी येऊन तुमचं पत्र वाचलं. मास्तर, असं फुकट कोणी काही देत नाही, म्हणून एक गोष्ट परत करते. तिच्या ऑपरेशनच्या वेळी मी इस्पितळात गेले होते. दारावरच्या माणसाने सांगितलं, नवऱ्याशिवाय कोणाला सोडायचं नाही. बराच वेळ बाकावर बसले आणि परत आले. नंतर ऐकलं, ती सगळीकडे सांगतेय की थोरली फिरकलीसुद्धा नाही. मग मीही म्हटलं, समज हवं ते. तिला हे कळवायची गरज नाही. कळवलंत तर मी सांगितलं असं म्हणू नका.

तब्येतीस जपा. घरोबा ठेवा, जुना नसला तरी.

थोरली वहिनी

शनिवार, २६ एप्रिल

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

तू इस्पितळाच्या दाराचं लिहिलंस, आणि कोणी सांगितलं ते लिहिलं नाहीस. तुला लपवता कधी आलंय? मी त्या दिवशी काही केलं नाही. फक्त तिच्या यायच्या वेळेला जिन्यातला दिवा लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी माझे कपडे कोरडे होते. तरी बोलणं नव्हतंच.

पण बिनबोलता आम्ही बरंच केलं. ती मुलगी आणि तिची आई कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयात जाणार होत्या. मी बरोबर निघाले, तर थोरली आधीच कोपऱ्यावर उभी. तिथे एकाच बाकावर बसलो, मधे मुलीला घेऊन. मुलीने बँडेज सोडून हात टेबलावर ठेवला. साहेबाने वर बघितलं आणि तिथून पुढे नीट ऐकलं. आम्ही दोघींनी स्विच आणि फ्यूजचंही सांगून टाकलं, आपापलं. तो प्रत्यक्ष येऊन मशीन बघून गेला, तार कापायला लावली, आणि मुलीच्या उपचाराचा खर्च कारखान्यावर घातला. तिची बोटं त्याने परत येणार नाहीत, हे ती स्वतःच आम्हाला म्हणाली. रडली नाही.

एवढ्यावर मॅनेजर सुधारेल असं वाटलं होतं? त्याचा निरोप आला, दोघींकडे वेगवेगळा: जागा एकच आहे, सोमवारी सकाळी जी आधी फाटकातून आत येईल तिची.

तुला खरं सांगते, मी त्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर उठले. का उठले, ते स्वतःला विचारलं नाही. चपला हातात घेऊन दार उघडलं, तर थोरली जिन्याच्या मधल्या वळणावर, तिच्याही चपला हातात. दोघी पकडल्या गेलो. ती अशी काही शरमली की मला हसू फुटलं, आणि मग तिलाही. तोंड दाबून हसत तिथेच पायरीवर बसलो. मग चपला घातल्या आणि निघालो.

फाटकाशी पोचून आत गेलोच नाही. भोंगा झाला. बाकीच्या बायका आत शिरल्या, पण रोलरपाशी कोणी उभं राहिना; आतून निरोप आला की त्या दोन टोकांना त्याच दोघी लागतात. इस्पितळाची गाडी मळक्या चादरी उतरवून गेली, दुसरी आली. शेवटी मॅनेजर स्वतः फाटकावर आला आणि म्हणाला, बोला, कोण येतंय?

थोरली माझ्याकडे वळली आणि माझ्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, धाकटे, चल गं, घरी जाऊन चहा टाकू.

आम्ही पाठ फिरवली आणि चालायला लागलो. तो मागून ओरडला की या, दोघी या.

आम्ही लगेच वळलो नाही. त्याने पुन्हा ओरडावं म्हणून थोडं पुढे चालत राहिलो.

सुट्टी लागली की ये. खाली उतर किंवा वर, दोन्हीकडे तुझंच घर आहे.

तुझी,
ताई